गंगारामची बंदूक कोणाच्या वावरातली?

बऱ्हाणपूरच्या लालबागेतल्या एका लग्नात पंगत बसली होती. पानं मांडून झाली होती, वरणाची बादली ओळीच्या टोकाला येऊन पोचली होती. निंबोल्याच्या आशाबाईंनी आपल्यापुढचं केळीचं पान उचललं, उजेडाकडे धरलं, उलटं केलं, कडेवरून बोट फिरवलं आणि वाढप्याला सांगितलं, "हे पान संदीपच्या वावरातलं. वरच्या तुकड्यातलं. त्याले म्हना, पोटॅश कमी पडी राहिलं."

वाढपी म्हणाला, "मावशी, पान खाली ठेवा. वरण कुठं वाढू, हातावर?"

संदीप नवरदेवाकडून आलेला, तीन ओळी पलीकडे बसलेला. तो हातातली जिलेबी तशीच धरून उठून आला. "काकू, खरंच वरच्या तुकड्यातलं?"

"अरे, कडा पाय ना कश्या जळेल आहे!"

मग काय, अर्धी पंगत उठली. ज्याच्या त्याच्या हातात आपापलं पान आणि आशाबाईंपुढे रांग. वधूपित्याला वाटलं, वरण अळणी झालं म्हणून वऱ्हाड उठून चाललं. तो बिचारा हात जोडून "मीठ आणतो, मीठ आणतो" म्हणत रांगेच्या बाजूने धावत राहिला.

तर अशा या आशाबाई. वय पंचावन्न, शिक्षण चौथी. एकोणिसाव्या वर्षी निंबोल्यात लग्न होऊन आल्या, हळद उतरायच्या आत सासूने केळीच्या बागेत नेऊन उभं केलं, तेव्हापासून छत्तीस वर्षं त्या केळीखालीच आहेत. लोक सकाळी पेपर वाचतात, आशाबाई पान वाचतात. कोणाच्या बागेला पाणी जास्त झालं, कोणी खत उशिरा टाकलं, कोणाच्या ठिबकच्या नळीला उंदराने दात लावले, सगळं त्यांना पानावर दिसतं. आणि दिसलं की बोलल्याशिवाय राहवत नाही. मनात ठेवणं हा प्रकार त्यांना शिकवलेलाच नाही.

सिनेमा मात्र त्यांना झोपेच्या गोळीसारखा. लग्नानंतर नवऱ्याने एकदा हौसेने बऱ्हाणपूरच्या टॉकीजमध्ये नेलं होतं. पडद्यावर हीरो-हिरॉईन केळीच्या बागेत गाणं म्हणू लागले. आशाबाई भर अंधारात म्हणाल्या, "बागेले आठ दिवस पानी नई आनि हे नाची राहिले!" त्यानंतर ज्या झोपल्या, त्या राष्ट्रगीत समजून शेवटच्या घंटेला उभ्या राहिल्या.

नवरा म्हणजे कडूअण्णा. नाव कडू, पण तोंडातून कडू काय, गोडसुद्धा काही निघत नाही. दिवसाचे मोजून आठ-दहा शब्द, त्यातले सहा "हूं". माणूस डावरा. निंबोल्यात डाव्या हाताने कोयता चालवणारे ते एकटेच. त्यांच्या शेजारी उभं राहून पानं कापायला कोणी धजत नाही, कारण त्यांचा कोयता कुठून येईल याचा भरवसा नाही. लोक म्हणतात, बस डावीकडून आली तर बाजूला होता येतं, कडूअण्णांचा कोयता सांगून येत नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात या दोघांच्या संसारात तिसरा आला होता. त्याचं नाव जावई.

विहिरीजवळच्या कोपऱ्यातल्या एका झाडाला असा काही घड लागला, की आशाबाईंनी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं केलं. "दिवसभर लटकून राह्यतो, काम काही नई, वजन वाढवतो, आन आपन त्याच्या मागंपुढं करायचं. जावईच हा!" चौदा फण्या. एकेक केळ कडूअण्णांच्या मनगटाएवढं. आशाबाई सकाळी पहिलं पाणी जावयाला घालायच्या आणि मग चहा ठेवायच्या.

एवढे लाड उगीच नव्हते. बऱ्हाणपूरच्या बाजाराच्या मैदानावर दरवर्षी घडांची स्पर्धा होते. सात वर्षं पहिला नंबर धूलकोटचे धोंडू पाटील नेतात. मोठ्या मिशा, मोठा घड, आणि प्रत्येक वाक्याआधी घशातून "हॅ हॅ हॅ" असा ट्रॅक्टर चालू होतो. गेल्या वर्षी आशाबाई आपला घड घेऊन गेल्या, तेव्हा पाटलांनी सगळ्यांसमोर ट्रॅक्टर चालू केला. "हॅ हॅ हॅ! आशाबाई, बाईच्या हातचा घड सत्यनारायनाले चालतो. स्पर्धेले नई."

सगळे हसले. आशाबाईंना उत्तर सुचलं नाही, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं. ते उत्तर त्या वर्षभर जावयाच्या रूपाने वाढवत होत्या. बक्षीस मिळो न मिळो, धोंडू पाटलांनी ते वाक्य परत गिळलं पाहिजे, एवढंच त्यांना हवं होतं.

आणि स्पर्धेच्या तोंडावर एका शनिवारी सकाळी आशाबाई पाण्याची बादली घेऊन विहिरीजवळ गेल्या आणि त्यांनी अशी किंकाळी फोडली की पलीकडच्या वावरातली म्हैस आटली.

जावई उघडा पडला होता. त्याच्या डोक्यावरची सहाच्या सहा पानं कोणीतरी कापून नेली होती. उन्हाळ्यातलं बऱ्हाणपूरचं ऊन, वर सावली नाही. दोन दिवसांत घड भाजून काळा पडणार, हे शेंबडं पोरही सांगेल.

जाऊबाई मालूबाई धावत आल्या. मालूबाईंच्या हातात फोन कायम, हाताचं सहावं बोट असल्यासारखा. "काय झालं वो? मेलं का कोनी?"

"जावयाचं डोकं उघडं केलं कोनी तरी!"

मालूबाईंनी आधी फोटो काढला, मग हळहळल्या.

आशाबाई खाली बसल्या आणि तपासाला लागल्या. विचित्र गोष्ट होती. पानं तिथेच पडली होती, पण चिरून, पट्ट्या होऊन. मधले दांडे तेवढे गायब. बकऱ्यांसाठी कोणी नेलं असतं तर पान नेलं असतं. पंगतीसाठी नेलं असतं तर पान नेलं असतं. पान टाकून दांडा नेणारा चोर आशाबाईंनी छत्तीस वर्षांत पाहिला नव्हता. हे म्हणजे चोराने पेढे ओट्यावर ओतून रिकामा डबा न्यावा, तसं झालं.

त्यांनी घरून जुनी मऊ सुती साडी आणली. कडूअण्णांनी चार बांबू रोवले, साडीचा मांडव घातला, गाठी मारल्या.

"बरं झालं, स्पर्धा एक रविवार पुढं गेली," आशाबाई म्हणाल्या, "नई तं उद्याच तोंड दाखवायचं व्हतं. पन आता आठ दिवस याले उन्हातून वाचवायचं कसं?"

कडूअण्णांच्या हातातली गाठ सुटली. "पुढं गेली?"

"परीक्षक साहेबांच्या पोराचं लग्न निघालं म्हनून. सांगितलं व्हतं ना तुमाले गुरुवारी!"

"हूं," कडूअण्णा म्हणाले आणि तीच गाठ त्यांनी आणखी पाच वेळा मारली.

वारा आला की साडी सरके, साडी सरकली की आशाबाई धावत. शनिवार गेला, रविवार गेला. बकऱ्यावाल्याची उलटतपासणी झाली, मंडपवाल्याची झाली. मंगळवारी दुपारी मालूबाई मांडवाखाली येऊन बसल्या आणि फोन पुढे केला.

"हे पाय, आपल्या विपुलचा पिक्चर! 'गोळी घाल गंगाराम'. उद्या मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर लावनार आहे. आज नुसता तुकडा टाकेल आहे."

विपुल निंबोल्याचाच. लालबागेत मोबाईल दुरुस्तीचं दुकान, पण मन दिग्दर्शनात. फोनवरच पिक्चर काढतो, फोनवरच कापतो, फोनवरच दाखवतो. या पिक्चरमध्ये गंगाराम नावाचा हीरो एकटाच बारा गुंडांना मारतो, एवढीच कथा. तुकड्यात गंगाराम हातात काळी कुळकुळीत बंदूक घेऊन हळूहळू चालत येत होता. मागे धूर, धुरामागे कोणाची तरी बकरी.

खाली बघणाऱ्यांची भांडणं लागली होती. मालूबाईंनी ती आवाज बदलून-बदलून वाचून दाखवली. एकाने लिहिलं होतं, 'भाई, हीरो के हाथ में रशियन है.' दुसऱ्याने झापलं होतं, 'रशियन की मॅगझीन टेढी होती है, ये जर्मन है जर्मन.' तिसऱ्याचं नाव 'गनमास्टर खंडवा'. त्याने नळीची लांबी, वजन, मिनिटाला गोळ्या किती, सगळं लिहून शेवटी ठोकून दिलं होतं, 'मैंने खुद चलाई है.'

आशाबाईंनी फोन हातात घेतला. उजेडाकडे धरला. उलटा केला. मालूबाई म्हणाल्या, "तो पान नई वो, सरळ धरा!"

आशाबाई एकटक बघत राहिल्या आणि मग शांतपणे म्हणाल्या, "ही बंदूक माह्या जावयाची आहे."

"आँ?"

"दांडा आहे हा. वरून बूटपॉलिश फासलं म्हनून काय झालं? पन्हाळ पाय कशी खोल आहे, कड पाय कशी आत वळेल आहे. चौदा फण्यांच्या झाडाबिगर असा दांडा निंघत नई."

आता हा खेळ तिकडची सगळी पोरं खेळतात. पानाचा जाड दांडा घ्यायचा, पाठीवर ओळीने चिरा पाडायच्या, प्रत्येक चिरेची जीभ उभी करायची आणि वरून सपकन हात फिरवायचा. जिभा एकामागून एक खाली आपटतात. फट-फट-फट-फट! विपुलने तेच केलं होतं. बारा गुंड आणि एक हीरो, तेरा बंदुका, एकाही लोहाराकडे न जाता. आवाज मात्र फोनमधून भरलेला, कान फाटतील असा.

"मंग खंडव्याच्या त्या गनमास्टरनं काय चालवलं?" मालूबाईंनी विचारलं.

"केळ खाल्लं असंन," आशाबाई म्हणाल्या आणि उठल्या.

बुधवारी संध्याकाळी देवळासमोर सगळं निंबोला जमलं. विपुलने मावा जिलेबीचा बॉक्स आणला होता. तो आशाबाईंपुढे धरून म्हणाला, "काकू, आधी गोड खाओ. मतलब, एकदम इंटरनॅशनल लेव्हल का काम झालंय. तुम्ही बघालच."

"बघनारच आहे. एक सांग, हिरोची बंदूक कोठून आनली?"

विपुलची जिलेबी घशात अडकली. "प्रॉपर्टी का पूरा मॅटर ना, काकू, सीक्रेट असतं."

आशाबाई ओट्यावर चढल्या. "ऐका सगळे! माह्या जावयाचं डोकं ज्यानं उघडं केलं, त्याची बंदूक या पिक्चरमंधी आहे. मी हुडकनार. आन सापडला की त्यानं रविवारपर्यंत, ऊन निंघाल्यापासून दिवस मावळेपर्यंत, स्टुलावर उभं राहून जावयावर छत्री धरायची. मंजूर?"

सरपंच सुलभाताईंच्या तोंडात जिलेबी होती. त्यांनी मान हलवली. ठराव पास.

कडूअण्णा मागे कडुनिंबाखाली बसले होते. त्यांनी गमछा थोडा वर ओढला.

पिक्चर सुरू झाला. पहिला गुंड भिंतीवर आला, त्याने बंदूक रोखली, ढँ ढँ ढँ असा आवाज झाला आणि आशाबाई ओरडल्या, "थांबव!"

विपुलने थांबवला.

"ही बंदूक नीलेशची. श्रीमंती जातीचं झाड आहे, दांडा बारीक, बुडाशी लाल. नीलेश, तुह्या नाल्याकडच्या ओळीतली."

नीलेश उठून भिंतीपाशी गेला, बोटाने बंदूक मोजली. "च्यायला! खरंच माझी!"

"चलाव."

दुसरा गुंड. "थांबव! ही संदीपची. वरच्या तुकड्यातली. पोटॅश अजून नई टाकलं का रे?"

"काकू, टाकलं ना! शूटिंगनंतर टाकलं!"

पाचव्या गुंडापर्यंत गावाला नाद लागला. आशाबाईंनी तोंड उघडायच्या आत लोकच ओरडायला लागले. "थांबव, ही माझी!" "तुझी कशी? तुझ्या झाडांना करपा आहे, ही ठिपके नसलेली!" "अरे करप्यावर पॉलिश फासलं की कुठले ठिपके!" तेवढ्यात गंगारामच्या आईचा मरणाचा प्रसंग आला. आईचं काम विपुलचा मित्र सागर करत होता, नऊवारी नेसून, दोन दिवसांच्या दाढीसकट. आई म्हणाली, "बेटा गंगाराम, बदला..." आणि तिने मान टाकली. कोणी एक डोळा पुसला नाही. सगळे आईच्या मागे बघत होते. "भिंतीला टेकून ठेवलीय ती कोणाची रे?"

विपुल रडकुंडीला आला. "अरे यार, इमोशन देखो ना! डेढ घंटा लगा माँ को मारने में!"

पुढे आणखी गंमत झाली. शूटिंग दोन दिवस चाललं होतं आणि दांडे पहिल्या दिवसाचेच होते. त्यामुळे मुख्य व्हिलनने शेवटच्या लढाईत जेव्हा बंदूक उगारून "गंगाराम, तेरा खेल खतम!" म्हटलं, तेव्हा बंदुकीने मध्येच मान टाकली आणि नळी त्याच्याच पायाकडे वळली. व्हिलनने ती डाव्या हाताने सरळ धरली. ती पुन्हा वाकली. मग त्याने उरलेला सगळा संवाद एका हाताने बंदुकीची हनुवटी वर धरून म्हटला. "पानी मारायले पायजे व्हतं रात्री," मागून एक म्हातारबा गंभीरपणे म्हणाले.

आणि मग गंगाराम आला. हीरोची बंदूक शेवटच्या दिवशीची होती, ताजी, ताठ, जाड. गंगाराम थेट लोकांकडे बघत पुढे-पुढे येत गेला, बंदूक पुढे-पुढे येत गेली, आणि नळीचं तोंड अख्ख्या भिंतीवर पसरलं. पुढची लहान पोरं खाली वाकली.

"थांबव," आशाबाई म्हणाल्या. या वेळी हळू.

नळीचं तोंड म्हणजे दांडा जिथे झाडापासून कापला ती जागा. तिथे पॉलिश पोचलं नव्हतं. काप स्वच्छ दिसत होता. एका घावात कापलेला, तिरपा. पण सगळ्यांचा काप ज्या बाजूला उतरतो, त्याच्या बरोबर उलट्या बाजूला उतरलेला.

असा काप आशाबाईंनी छत्तीस वर्षं रोज पाहिला होता.

"कोनाचा आहे, काकू?" "नाव सांगा ना!" "कोण धरणार छत्री?" लोक मागे लागले.

आशाबाईंच्या जिभेवर नाव आलं आणि पहिल्यांदाच तिथे थांबलं. त्या खाली बसल्या. "चालू दे पिक्चर."

पण पिक्चर काही गप्प बसणारा नव्हता. गंगारामने गोळी झाडली. समोरून तोंडाला गमछा बांधलेला एक गुंड आला. त्याला गोळी लागली. त्याने छातीवर हात ठेवला, "आऽऽऽ" केलं, दोन गिरक्या घेतल्या. मग तो थांबला. पायातल्या चपला काढल्या. नीट जोडीने बाजूला ठेवल्या. कमरेला हात लावून बेताने खाली बसला, मग आडवा झाला आणि मेला.

आणि मग अख्खं निंबोला एका आवाजात ओरडलं, "अरे! हे तं कडूअण्णा!"

गुंड कमी पडले असावेत, कारण कडूअण्णा आणखी तीन वेळा मेले. गमछ्याचा रंग बदलून. चारही वेळा आधी चपला काढून.

सगळ्या माना कडुनिंबाकडे वळल्या. आशाबाई उठून तिकडे गेल्या. मालूबाईंनी मागोमाग फोन धरला.

"तुमी माती तपासायच्या शिबिराले गेलते ना शुक्रवारी?"

"हूं."

"मंग?"

त्यानंतर कडूअण्णा जे बोलले, तेवढं ते लग्नातसुद्धा बोलले नव्हते. "विपुल म्हने, हिरोले जबरदस्त बंदूक पायजे. साऱ्या गावातून दांडे आले. मले वाटलं, आपल्या घरची हलकी कशी द्यायची? हिरो आहे तो. आनि मले वाटलं, स्पर्धा परवाच आहे, घड उद्या उतरनारच, मंग पानं काय कामाची? साही कापले, हिरोनं त्यातला एक निवडला. मले जन्मात कोनी काम कर म्हटलं नव्हतं, पिक्चरमंधी."

"स्पर्धा पुढं गेली हे मी गुरुवारी सांगितलं."

"सांगितलं असशीन."

"तुमी हूं म्हटलं!"

"मी हूं म्हनतोच," कडूअण्णा म्हणाले. "ऐकतो असं नई."

गुरुवारी सकाळी ऊन निघालं, तेव्हा कडूअण्णा स्टुलावर उभे होते, हातात काळी छत्री. शुक्रवारी उभे होते. शनिवारी लोक पोरंबाळं घेऊन बघायला आले. कोणी म्हणे, "अण्णा, हात दुखत असंन तं एकदा मरून घ्या!" कडूअण्णा "हूं" म्हणत आणि छत्री उन्हाकडे फिरवत. दुपारी आशाबाई भाकरी घेऊन येत, न बोलता घास भरवत, कारण हात मोकळा नव्हता.

रविवारी जावई संदीपच्या गाडीतून गोधडीवर निजून बऱ्हाणपूरला गेला. एका फणीवर तळहाताएवढा काळा डाग पडलाच होता, पहिल्या दिवशी साडी सरकली होती तिथे. बाकी असा तजेलदार, की मैदानावर लोक वाट काढून देत होते.

धोंडू पाटलांचा घड बाजूच्याच टेबलावर होता. आशाबाईंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. वजनकाटा अजून लागायचा होता, पण त्यांच्या नजरेला काट्याची गरज कधी पडली नव्हती. दीड किलो. दीड किलोने पाटलांचा घड भारी.

"हॅ हॅ हॅ!" ट्रॅक्टर चालू झाला. "आनला का पूजेचा घड? अन् याले काय, ऊन लागलं का? टोपी नई घातली?"

कडूअण्णा बायकोच्या चेहऱ्याकडे बघत होते. छत्तीस वर्षं बोलणं ऐकलं नसेल, पण तो चेहरा त्यांना वाचता येत होता.

पिक्चर आणि मालूबाईंनी काढलेली कडूअण्णांची कबुली एव्हाना शहरातल्या फोनांवर पोचली होती; तेवढ्यात तिथल्या पोरांनी त्यांना ओळखलं. "अरे, ये तो गंगारामवाले अंकल हैं! चार बार मरते हैं ना, वो! अंकल, एक बार मर के दिखाओ ना, प्लीज!"

कडूअण्णांनी छत्री मालूबाईंच्या हातात दिली. छातीवर हात ठेवला. "आऽऽऽ!" केलं. एक गिरकी घेतली, दुसरी घेतली, आणि धाडकन पाटलांच्या घडावर कोसळले. टेबल मोडलं, तीन फण्या निखळल्या, केळी मैदानभर घरंगळली.

पाटलांचा ट्रॅक्टर बंद पडला.

परीक्षक साहेब नियमांचा कागद काढून वाचू लागले. "तुटलेल्या फण्यांचं वजन धरता येत नाही. म्हणजे आता पहिला नंबर..." मालूबाईंनी टाळ्यासुद्धा सुरू केल्या.

आशाबाई खाली बघत होत्या, मोडक्या टेबलावर पडलेल्या नवऱ्याच्या पायांकडे. पायात चपला होत्या.

"साहेब, थांबा," त्या म्हणाल्या. "हे मुद्दाम पडले."

"कशावरून, बाई?"

"चपला घालून पडले."

साहेबांना काही उमजेना. पण पोरांना लगेच उमजलं. "हां सर! अंकल चप्पल निकाल के मरते हैं!" मालूबाईंनी फोनवर पिक्चर लावला आणि साहेबांनी उन्हात हात आडवा धरून, कपाळाला आठ्या घालून, कडूअण्णांची चारही मरणं बारकाईने पाहिली. चार मरणं, चार वेळा चपला. साहेबांनी निकाल दिला, फण्या मुद्दाम तोडल्या म्हणजे वजन धरायचं. निखळलेल्या फण्या गोळा झाल्या आणि पाटलांच्या घडासोबत काट्यावर चढल्या.

पाटील पहिले, आशाबाई दुसऱ्या. फरक दीड किलो.

कडूअण्णा कपडे झटकत उठले. बायको म्हणाली, "अहो, एवढी अक्कल चालवली, तं चपला तेवढ्या काढायच्या!"

"घाईत राहून गेलं," कडूअण्णा म्हणाले.

धोंडू पाटील त्या दोघांकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी मागे पिशवी धरून उभ्या असलेल्या आपल्या बायकोकडे पाहिलं. "सात वर्षं घड आनतो मी. माह्यासाठी कोनी एकदा तरी जीव दिला का?"

"मरायले घरात जागा तं ठेवा," पाटलीणबाई म्हणाल्या. "जिथं पाय ठेवावा तिथं घड!"

पाटलांनी घसा खाकरला, पण "हॅ हॅ" काही आलं नाही. "आशाबाई," ते जावयाकडे बघत म्हणाले, "तुमचा घड स्पर्धेचा आहे. मागच्या वर्साचं मी परत घेतो."

वर्षभर अडकलेलं उत्तर आता आपोआप आलं. "मंग सत्यनारायनाले तुमचा न्या म्हटलं असतं, पाटील. पन तुटेल फण्या पूजेले चालत नई."

सगळ्यात मोठ्याने पाटलीणबाई हसल्या.

दुसरं बक्षीस म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं, तारीख दाखवणारं. आशाबाईंनी ते कडूअण्णांच्या खाटेच्या बरोबर समोर लावलं. चार दिवसांनी विपुल मावा जिलेबी घेऊन हजर. "काकू, पार्ट टू काढतोय. इस बार तीस गुंडे. नावांच्या पाटीवर सबसे ऊपर टाकतो, 'हत्यारांची पारख : आशाबाई, निंबोला'. फक्त थोडे दांडे..."

"देते," आशाबाई म्हणाल्या. "पन ज्या झाडाचा घड उतरला, त्याचेच. अन् रात्री पानी मारून ठेवायचे. व्हिलनची बंदूक पुन्हा वाकली तं मी पिक्चर बंद करीन." मग खाटेकडे वळून म्हणाल्या, "अहो, ऐकलं का? घड उतरल्यावरच!"

"हूं," कडूअण्णा म्हणाले.

आशाबाई उठल्या आणि कोयता कपाटात ठेवून कुलूप लावलं.